आत दोघी

सात रस्त्याजवळच्या ऑफिसात शिवलीला जावा या संगणकभाषेतलं एक जुनं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभी करायचा तयार सांगाडा, सांभाळायची. जगात कुणीही फुकट वापरावं असं. पण डागडुजी करणारी ती एकटीच उरली होती. जावाच्या नव्या आवृत्तीवर ते चालतंय का, हे बघायला तिने ते आपल्या लॅपटॉपवर सुरू केलं आणि लॉगिन केलं.

पडद्यावर आलं : आत दोघी. दोघींचंही नाव शिवलीला.

तिचा संशय सरळ ऑफिसातल्या शिकाऊ सिद्धूवर गेला. माझा पासवर्ड चोरून बघितला असणार यानं.

"मी कशाला शिरू तितं, ताई? माजा लॅपटॉप बंदच हाय की," सिद्धू म्हणाला.

तिने त्याला चहा आणायला पिटाळलं आणि बाहेरून कुणी शिरू नये म्हणून वायफाय तोडलं. तरी आत दोघीच.

मग तिने दुसऱ्या नावापुढचं 'बाहेर काढा' दाबलं.

तिचंच पान मिटलं. पुन्हा लॉगिन करायला गेली, तर पासवर्ड चुकीचा. एकेक अक्षर बघून टाकला, तरी चुकीचा.

सिद्धू चहा घेऊन आला आणि तिला बघून दारातच थबकला.

"कोण पायजे, मॅडम?" त्याने अदबीने विचारलं. "ताई आत कामात हायेत. तुमी जरा बाहेर बसा की."