आईच्या आत्म्यासाठी

नवऱ्याच्या कबरीवर माती पडली, तशी मॅरियोटा गुडघे टेकून लॅटिनमधली जुनी प्रार्थना पुटपुटू लागली. वर्षभरापूर्वीच नव्या प्रोटेस्टंट पंथात गेलेला गावचा पाद्री निनियन तिच्या अंगावर खेकसला, "बंद कर ते! मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं आता स्कॉटलंडात गुन्हा आहे."

"माझी आई गेली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, प्रार्थना केली नाही तर तिचा आत्मा आगीत जळत राहील."

"ते सगळं खोटं होतं, बाई."

मॅरियोटा ताडकन उठली. "मग त्या खोट्यापायी, प्रार्थनेचा मोबदला म्हणून तुम्ही आमच्या दावणीची सोडून नेलेली गाय परत द्या!"

ती तरातरा त्याच्या गोठ्याकडे निघाली. तिच्यामागोमाग सगळं गाव निघालं. प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं होतंच.