मंजूर बाण

शिडीवरून मृदुलाने एकदा प्रसाधनगृहाच्या फलकाकडे पाहिलं, एकदा खुद्द प्रसाधनगृहाकडे. नव्याकोऱ्या विमानतळाचं उद्घाटन आठवड्यावर आलेलं, आणि तिने लावलेला बाण डावीकडे, प्रसाधनगृह उजवीकडे! आता तिची छोटीशी कंपनी काळ्या यादीत जाणार.

“साहेब, स्टिकरच आहे. पाच मिनिटांत बाण फिरवते,” ती काकुळतीने म्हणाली.

“खबरदार!” विमानतळाचे व्यवस्थापक तुंगारे दचकले. “त्या बाणावर मुख्यालयातल्या सात जणांच्या सह्या आहेत, मॅडम. प्रसाधनगृहावर माझी एकट्याची. तेच हलवू.”

“पण डावीकडे विमानात जायचं दार आहे!”

“त्यावरही माझीच सही आहे,” साहेब निश्चिंतपणे म्हणाले आणि त्यांनी दार बुजवायला गवंडी बोलावले.

उद्घाटनाला आलेले मंत्रिमहोदय बाणामागोमाग गेले आणि हात पुसत, प्रसन्न मुद्रेने बाहेर आले. “वा! कुणाला विचारावं लागलं नाही. आता विमानात बसू. कुठून जायचं?”

मृदुलाने डोळे मिटून घेतले.

साहेब तिच्याकडे वळले. “ऐकलंत ना, मॅडम? विमानाकडे जायचा फलक आजच लावा. दार सावकाश बघू.”