एकाने भागल्यावर

पोरांनी एकमेकांचं बघून लिहू नये म्हणून माझी एक युक्ती आहे. फळ्यावर एकच संख्या लिहायची आणि प्रत्येकाने तिला आपापल्या हजेरी क्रमांकाने भागायचं. वर्गाचा पट तीसचा. २३२९०८९५६२८०० या संख्येला एक ते तीस, कशानेही निःशेष भाग जातो. वीस वर्षं जात आलाय.

आज वरच्या वहीत बाकी एक. तिच्याखालच्या वहीत एक. तीसही वह्यांत एकच.

"कुणाच्या डोक्यातून निघाली ही मस्ती?" मी ओरडलो.

खडू घेऊन मी स्वतः दोनाने भागलं. शेवटी शून्य असलेली संख्या, तरी एक उरला. मग एकाने भागलं. एकाने भागून काही उरूच शकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

एक उरला.

"चालते व्हा सगळे!" दारात उभा राहून मी एकेकाला मोजलं. बरोबर तीस जण गेले. दार लावून घेतलं आणि फळा पुसायला वळलो.

मागच्या बाकावरून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "राहू द्या, सर. आता तुम्हाला भागून बघू."