पिवळं काडतूस

एकोडी गावच्या धानात रानडुक्कर शिरताच दादाजीनं चाप ओढला, पण नुसतंच टक् वाजलं. बंदूक उघडून पाहतो तर काडतूसच नाही! आत्ताच तर घाईत भरलं होतं; पुतण्या विक्कीनं घरून आणलेलं पिवळं. विक्कीचा बाप म्हणजे अबोला धरलेला धाकटा भाऊ. त्याची बंदूक वीस बोरची, ही बारा; बोरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक. विसाचं बारीक काडतूस नळीत घसरून अडकलं असणार. त्यामागं बाराचं भरून उडवलं की नळी तोंडावरच फुटणार! “मोठेबाबा, तुमचं लाल भरा, डुक्कर पळून राहिलं!” विक्की कुजबुजला. बापानं पढवूनच पाठवलेलं दिसतं. दादाजीनं नजर रोखून बंदूक पुढं केली. “घे, तूच मार.” विक्की हरखला. त्यानं लाल काडतूस भरलं, दस्त्याला गाल टेकवला. दादाजीनं झडप घालून बंदूक हिसकावली. विक्की हिरमुसला. “काहून मोठेबाबा? तुमचा माह्यावर भरोसा नाही का?”