वस्तऱ्याची धार

आयुष्यभर लोकांच्या दाढ्या केलेल्या वडिलांनी इस्पितळातल्या खाटेवरून हट्टच धरला, "माझी दाढी तूच करायची, आणि तीही वस्तऱ्यानं." त्यांच्या दुकानाची पायरीही कधी न चढलेल्या लेकानं बाजारातला सगळ्यात स्वस्त वस्तरा उचलून आणला. वडिलांनी पात्यावर अंगठा फिरवून नाक मुरडलं. "यानं लोणी तरी कापलं जाईल का? दगड आण, मी शिकवतो."

आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. लेक रोज कचेरी सुटली की तडक येऊन खाटेशी बसायचा आणि वस्तरा दगडावर घासायचा. "पातं आडवं ठेव. जोर कशाला लावतोस, लाकूड आहे का ते?" वडील ओरडायचे, जुन्या गिऱ्हाइकांचे किस्से रंगवून सांगायचे, आणि निघायच्या वेळी धार बघून म्हणायचे, "अजून नाही. उद्या आण."

अठराव्या दिवशी लेकाच्या मनगटावरचे केस पातं नुसतं टेकताच उतरले. "बाबा, आज नाही म्हणू नका," म्हणत त्यानं साबणाचा फेस केला. थंडी वाजते म्हणून वडील गालांवरून सदानकदा मफलर गुंडाळून असायचे, तो त्यानं हळूच सोडला. गाल तान्ह्या बाळासारखे गुळगुळीत होते.

"औषधानं दाढी केव्हाच उगवायची थांबली," वडील भिंतीकडे बघत म्हणाले. "एरवी तू रोज आला असतास का?"



लेकानं ते गुळगुळीत गाल फेसानं माखले आणि वस्तरा उघडला.