शेजारचा डबा

फार्मासिस्ट जेवायला गेला आणि दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर बाईंनी औषधखोलीचं दार आतून लावून घेतलं.

टेबलावर दोनच डबे होते. त्या दिवशी नव्या औषधाच्या अभ्यासात दोघींचीच नोंदणी झाली होती. एक टपाल कचेरीत काम करणारी हसरी बाई आणि दुसरी मोठ्या बाईंची सून. बाळंतपणापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या डब्यांत भरून तयार होत्या. एकात गरोदरपणातला रक्तदाब रोखणारं नवं औषध, दुसऱ्यात नुसती खडूसारखी साधी गोळी. रंग तोच, आकार तोच, चवही तीच. कुणाच्या वाट्याला काय आलं हे ना गोळ्या घेणाऱ्या बाईला कळायचं, ना तिच्या डॉक्टरला. ठाऊक असायचं ते फक्त डबे भरणाऱ्या फार्मासिस्टला. हा कडक नियम मोठ्या बाईंनीच घातला होता, कारण अभ्यासच त्यांचा होता.

कुणाला काय द्यायचं याची चिठ्ठी संगणकाने काढली होती आणि हा पठ्ठ्या स्क्रीन तशीच उघडी टाकून गेला होता. सुनेच्या नंबरापुढे लिहिलं होतं, साधी गोळी.

बाईंनी तो नंबर पुन्हा एकदा वाचला. सुनेची दोन बाळं पोटातच गेली होती, दोन्ही खेपेला रक्तदाब चढूनच. "आई, या वेळी तुमचं औषध घेऊन बघू द्या," म्हणून तीच हट्टाला पेटली होती. औषध अजून बाजारात नव्हतं. मिळालं तर या अभ्यासातूनच. सुनेच्या तपासणीपासून लांब राहायचं या अटीवर बाईंनी अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी मिळवली होती. एवढी खटपट, ती काय खडूसाठी?

जन्मभर दुसऱ्यांना नियम शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही डब्यांवरच्या नंबरांच्या पट्ट्या नखाने अलगद सोडवल्या आणि एकीच्या जागी दुसरी चिकटवली. पट्ट्या सरळ बसल्या.

फार्मासिस्ट तोंड पुसत परत आला तेव्हा त्या दार उघडून खिडकीशी उभ्या होत्या.

"काही हवं होतं का, बाई?"

"नाही, सहज आले. स्क्रीन बंद करत जा."

तो एकदम गोरामोरा झाला. "चुकलंच," म्हणत त्याने आधी डब्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. तसा तो त्यांच्यापुढे कधी फार बोलत नसे. त्याची अडलेली बायको बाईंच्या हातून सुटली होती, तेव्हापासून तो त्यांना देवासारखं मानायचा.

पुढचे काही महिने टपाल कचेरीतली बाई समोरून येताना दिसली की मोठ्या बाई वाट बदलायच्या. आपण तिच्या तोंडचा घास काढला, हे मनातून जात नव्हतं. पण ती सुखरूप बाळंत झाली. गुटगुटीत पोर घेऊन मुद्दाम दाखवायला आली. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी बाई घरी पोटभर जेवल्या. कुणाचंच काही बिघडलं नव्हतं.

सुनेला मात्र अजून अवकाश होता.

"अहो आई, अंगठी बोटात रुतायला लागलीय," ती एकदा म्हणाली.

"उकाडा आहे. काढून ठेव."

"डोकंही ठणकतंय."

"झोप झाली नसेल. किती काळजी करतेस गं."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं, तर बाईंनी तिला तिथल्या तिथे भरती करून घेतलं असतं. पण सुनेच्या बाबतीत त्या निर्धास्त होत्या.

आज सकाळी सुनेला डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले, तेव्हा नवऱ्याने आईला न विचारताच तिला दवाखान्यात आणलं. बाई वॉर्डात पोचल्या तेव्हा धाकटी डॉक्टर त्यांचीच वाट बघत होती.

"बाई, प्रेशर चढतंय. लघवीतून प्रथिनं जातायत. मी ऑपरेशनची तयारी करते."

"एवढी घाई नको. बाळ अजून लहान आहे. जितके दिवस आत राहील तितकं बरं."

"आणि हिला झटका आला तर?"

"नाही यायचा."

"कशावरून?"

ते बाईंना सांगता येत नव्हतं. "मी सांगते म्हणून," त्या म्हणाल्या.

धाकटी जागची हलली नाही. "दुसरी कुणी असती तर थांबल्याबद्दल तुम्हीच माझी खरडपट्टी काढली असती."

"संध्याकाळपर्यंत बघू. घाबरलीय ती, म्हणून चढलंय प्रेशर."

वॉर्डात बाईंच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. समितीची अट या घटकेला कुणाला आठवली नाही, बाईंना तर नाहीच. त्यांनी सुनेच्या कपाळावर हात ठेवला. सुजलेल्या पापण्या उघडून ती म्हणाली, "आई, तुम्ही आहात ना, मग मला भीती नाही."

बाई बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आतून त्याही घाबरल्या होत्या, पण औषध आहे, औषध आहे, असं स्वतःला बजावत होत्या. तेवढ्यात फार्मासिस्ट धापा टाकत आला.

"आत्ताच कळलं, बाई. कशा आहेत सूनबाई?"

"थांबायचं ठरवलंय."

"तुम्हाला हे कधीच सांगणार नव्हतो. माझी नोकरी जाईल. पण तुमचा चेहरा बघवत नाही." त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "धीर सोडू नका. सूनबाईंना खरं औषधच चालू आहे."

याने पट्ट्या बघितल्या की काय, या विचाराने बाई भिंतीपासून सरळ झाल्या. "म्हणजे?"

"चिठ्ठी साध्या गोळीची निघाली होती. मला राहवलं नाही. त्या दिवशी जेवायला जाण्याआधीच मी दोन्ही डब्यांतल्या गोळ्यांची अदलाबदल करून ठेवली होती."