गेटवेची शिकवणी

"म्हणजे हा डबा माझी खुर्ची घेणार," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

फोनवाल्याच्या हातून स्क्रू निसटला. गोदामाच्या या कचेरीत सव्वीस वर्षं याच बाई फोन जोडून देत होत्या, हे त्याला दारातच कळलं होतं.

"तसं नाही, मावशी," तो चाचरला. "याला गेटवे म्हणतात. तुमचे जुने फोन इंटरनेटवर चालवतो, एवढंच."

"म्हणजे दुभाष्या."

"अगदी बरोबर!"

बाईंना बोलतं ठेवलं तर त्यांच्या मनावरचा भार जरा उतरेल, असं त्याला वाटलं. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि समजावू लागला. आधी डब्याला नेटवर्कवरचा पत्ता द्यायचा, कायमचा. मग फोन कंपनीने दिलेलं नाव आणि पासवर्ड. दिवा हिरवा झाला, की कंपनीने ओळखलं म्हणायचं. मग मागच्या एकेका भोकाला एकेक नंबर: पहिला हिशेबनिसांचा, दुसरा माल उतरवतात त्या धक्क्याचा.

"शून्य दाबलं की बाहेरची लाइन, हे त्याला कोण शिकवणार?"

"आपणच. तसा नियम लिहून ठेवायचा."

"आणि इंटरनेटच बसलं तर?"

हे तर शिकलेसवरलेले साहेबलोकही विचारत नसत. त्याने जुन्या फोनलाइनची तांब्याची तार एका भोकात खोचून दाखवली. "मग फोन इथून बाहेर पडतात."

बाईंनी वही काढून सगळं टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, एकदा सगळं पुसा की. मी करून बघते."

त्याने घड्याळ पाहिलं. या मालकाची आणखी अकरा गोदामं बाकी होती. त्याच कामाच्या भरवशावर त्याने नवं दुकान थाटलं होतं. पण तिथेही अशाच अकरा जणींच्या पोटावर पाय द्यायचा, हे त्याला पटत नव्हतं. यांचं तरी मन राखू, म्हणून त्याने सगळं पुसलं.

बाई एकदाच चुकल्या. त्यांनी धक्क्यावर फोन लावला आणि कपाळाला आठी घातली. "माझाच आवाज मला परत ऐकू येतोय."

त्याने कान लावला. फार बारीक, पण प्रतिध्वनी होता खरा. तो कुठे कमी करायचा, तेही त्याने दाखवलं. बाईंनी तेही टिपलं.

"तुमचा कान भारी आहे, मावशी," तो मनापासून म्हणाला.

तेवढ्यात बाईंच्या टेबलावरचा फोन खणखणला. गेटवेवरून आलेला पहिलाच फोन. बाईंनी तो सवयीने उचलला.

"बोला साहेब. हो, जमलं की! एकदाच चुकले. उरलेली अकराही गोदामं मीच करते, बाहेरचा माणूस कशाला?"